पडद्यावरच्या खिडक्या कोण सांभाळतो?

शाळेच्या संगणकखोलीतले दहा-बारा वर्षांपूर्वीचे संगणक मोडीत काढावेत काय? विंडोज १० ची नियमित सुधारणा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि एवढ्या जुन्या यंत्रांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर हौसेने लिनक्स बसवले, तरी कधी कधी ते रखडतच राहते. पण लिनक्सला नावे ठेवण्यापूर्वी पडद्यावर खिडक्या दिसतात त्या कशा, ते पाहू.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली एक्स विंडो ही प्रणाली तयार होऊ लागली. तिची आजही वापरात असलेली अकरावी आवृत्ती १९८७ ची. तिच्या रचनाकारांनी एक पथ्य पाळले : साधने पुरवायची, ती कशी वापरावीत हे ठरवायचे नाही. पडद्यावर चित्र काढणे, कळफलक आणि माउस यांच्या हालचाली योग्य प्रोग्रॅमला कळवणे, एवढे एक्स करते. खिडकी कोठे उघडावी, कोणती वर असावी, तिला चौकट कशी असावी, हे ठरवतो एक वेगळाच प्रोग्रॅम. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात.

समजा, आपण कॅल्क्युलेटर उघडला. तो एक्सला सांगतो, "माझी खिडकी दाखव." एक्स ती लगेच दाखवत नाही. ती विनंती विंडो मॅनेजरकडे जाते. तो थोडी मोठी खिडकी तयार करतो, कॅल्क्युलेटरची खिडकी तिच्या आत बसवतो आणि उरलेल्या कडांवर शीर्षकपट्टी व बंद करण्याची फुली काढतो. फोटोला फ्रेम करावी तसेच हे. विनंत्या अडवण्याचा हा अधिकार एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो.

हे वर्गात दाखवता येते. एक्सवर चालणाऱ्या संगणकात मजकुराची एखादी खिडकी उघडावी, दोन ओळी लिहून त्या जतन न करता ठेवाव्यात आणि 'रिप्लेस' हा पर्याय देऊन दुसरा विंडो मॅनेजर सुरू करावा. चौकटी क्षणभर नाहीशा होतात, नव्या रूपात परत येतात, आणि लिहिलेल्या ओळी जागच्या जागी असतात! विद्यार्थ्यांना हे फार आवडते.

म्हणजे लिनक्स न बदलता एवढाच भाग बदलता येतो. ग्नोमसारखा संपूर्ण डेस्कटॉप देखण्या हालचाली, शोध, सूचना असे पुष्कळ काही सोबत आणतो. २ जीबी रॅमच्या यंत्राला ते ओझे होते. साधा विंडो मॅनेजर काही मेगाबाइटांत भागवतो. बचत मोजायची तर टर्मिनलमध्ये 'फ्री' ही आज्ञा द्यावी आणि 'अव्हेलेबल' हा रकाना वाचावा. शेजारचा 'फ्री' रकाना फसवतो, कारण लिनक्स रिकामी रॅम फायली साठवायला वापरते आणि गरज पडताच परत देते. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. ब्राउझरमध्ये चार-पाच जड पाने उघडली, तर ही सगळी बचत तो एकटा खाऊन टाकतो. त्यावर विंडो मॅनेजरकडे इलाज नाही.

निवड कोणती करावी? ओपनबॉक्स नीटस आहे, पण त्यात खालची पट्टी नसते. ती वेगळी जोडावी लागते. २००९ साली आलेला आयथ्री खिडक्या एकमेकींवर न ठेवता फरशांसारख्या शेजारी शेजारी मांडतो आणि मुख्यतः कळफलकावर चालतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना तो जरूर द्यावा. पाचवीच्या वर्गाला नको. शाळेसाठी आमचे मत आइसडब्ल्यूएमला. १९९७ पासूनचा हा प्रोग्रॅम आजही सुधारला जातो. त्यात पट्टी, मेनू आणि घड्याळ आहे. मराठी लिहिण्यासाठी आयबस वापरले, तर भाषा बदलण्याचे चिन्हही त्या पट्टीवर बसते. त्याचा मेनू साध्या मजकूर-फायलीत असतो. शिक्षकांनी एका यंत्रावर तो जुळवावा आणि तीच फाईल बाकीच्या यंत्रांवर उतरवावी.

अलीकडे एक्सची जागा वेलँड घेत आहे. त्यात चित्र पडद्यावर आणणारा आणि खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम एकच असतो. त्यामुळे वरचा प्रयोग तेथे जमत नाही. हलके पर्याय तेथेही आहेत. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाच्या प्रणालीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपनबॉक्सच्या धर्तीवरचा लॅबडब्ल्यूसी स्वीकारला.

जुन्या यंत्रांसाठीच्या अँटिएक्स या लिनक्समध्ये आइसडब्ल्यूएम आधीपासून असतो. ते पेनड्राइव्हवरूनही चालते, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. एका यंत्रावर आधी तसे चालवून आवाज, प्रिंटर आणि मराठी टंकलेखन तपासावे, आणि मगच बाकीच्या यंत्रांकडे वळावे.