पाठीचा ताठा आणि हाताचें मर्दन

मोसंबें सोललें म्हणजे प्रत्येक फोडीभोंवतीं एक पातळ पापुद्रा दिसतो. आपल्या शरीरांतही प्रत्येक स्नायूभोंवतीं असेंच, पण चिवट आवरण असतें. त्यास ‘फॅशिया’ म्हणतात. कोलॅजनच्या तंतूंमुळें तें बळकट होतें, आणि थरांमधील ओलाव्यामुळें शेजारचे स्नायू एकमेकांवरून सहज सरकतात.

कल्याण-डोंबिवलीहून लोकलच्या गर्दींत उभ्यानें मुंबईस जाणारे वडील व ठाण्यास पुस्तकावर वांकून बसणारा मुलगा, दोघांचीही मान सायंकाळीं आखडते. अशांसाठीं अमेरिकेंतील जीवरसायनशास्त्रज्ञ आयडा रॉल्फ (१८९६–१९७९) यांनीं सावकाश, खोल दाबानें हें आवरण मोकळें करण्याची दहा बैठकींची पद्धति बसविली. आपल्या तालमींतील मर्दन तर त्याहून पुष्कळ जुनें.

मर्दनानें बरें वाटतें, हें खरें. परंतु दाबानें हें आवरण कायमचें लांबतें, यास भक्कम पुरावा नाहीं. दाबामुळें मज्जातंतू शांत होऊन ताण सैल पडत असावा; म्हणूनच तो आराम बहुधा थोडा काळ टिकतो. हाडें ठिसूळ असतां, ताप असतां किंवा शिरेंत रक्ताची गुठळी असतां असें मर्दन करूं नये. हातापायांस बधिरता आल्यास आधीं डॉक्टरांस दाखवावें.

विद्यार्थिमित्रहो, एकाच ढबींत तासन् तास ताठ बसणें हाही उपाय नव्हे. अर्ध्या तासानें उठावें, खांदे फिरवावे, सायंकाळीं मैदान गांठावें. परमेश्वरानें हा देह हालण्यासाठींच दिला आहे. दुसऱ्याचा हात घटकाभर साहाय्य करील, नित्याची हालचाल मात्र ज्याची त्यानेंच करावयाची.