खरूज एकाला, औषध साऱ्या घराला

दिवसा थोडीफार असणारी खाज रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाढते आणि घरातल्या आणखी कोणाला तरी तसाच त्रास असतो. या दोन गोष्टी जुळल्या, की खरजेची शंका घ्यावी.

खरूज रक्त बिघडल्याने किंवा उष्णतेने होत नाही. ती होते डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहून लहान अशा जिवामुळे. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बारीक बोगदा करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा, बेंबीचा भाग, कंबर आणि जांघा या तिच्या आवडत्या जागा. तान्ह्या मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि डोक्यावरही पुरळ येते. एका अंथरुणात झोपल्याने, मुलांना कडेवर घेतल्याने ती पसरते. रोज आंघोळ करणाऱ्यालाही ती होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

उपचार फसतात ते इथे. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर माणूस निरोगी दिसतो, पण दुसऱ्याला खरूज देऊ शकतो. म्हणून खाज असो वा नसो, घरातल्या सर्वांनी एकाच रात्री औषध लावावे.

डॉक्टर बहुधा पाच टक्के परमेथ्रिनचे मलम देतात. ते मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावावे. नुसते खाजेल तिथे नव्हे. आठ ते चौदा तासांनी आंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच औषध घ्यावे. त्याच दिवशी कपडे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात. धुता न येणाऱ्या वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत निदान तीन दिवस बांधून ठेवाव्यात. अंगाबाहेर हा जीव फार काळ जगत नाही.

उपचारानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध पुन्हापुन्हा चोपडू नये. दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे मलम खाज दाबते, खरूज मात्र आत वाढत राहते. खाजवून झालेल्या जखमांत पू झाला, तर क्वचित मूत्रपिंडालाही इजा होते. अंगावर सूज किंवा लालसर लघवी दिसल्यास डॉक्टरांकडे लगेच जावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश दुर्लक्षित आजारांत केला. आपल्या घरात तरी ती दुर्लक्षित राहू नये.