फाटे आणि संगम
बंगाली भाषेच्या दोन संगणकीय रूपांची कथा

पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात गंगेस फाटा फुटतो. मुख्य प्रवाह पद्मा हे नाव धारण करून बांगलादेशात शिरतो. दुसरा भागीरथी व पुढे हुगळी या नावाने दक्षिणेस वळून कोलकात्यावरून समुद्रास जाऊन मिळतो. फाटा फुटल्याने पाणी वाढत नाही, ते विभागले जाते. हुगळीच्या वाट्यास पाणी कमी येऊन तिचे पात्र गाळाने भरू लागले. तेव्हा कोलकाता बंदर वाचविण्यासाठी फराक्का येथे बंधारा बांधून १९७५ पासून गंगेचे पाणी कालव्याने तिकडे वळवावे लागले.

संगणकाच्या आज्ञावल्यांनाही असे फाटे फुटतात. तेथे पाण्याच्या जागी मनुष्याचे श्रम असतात, एवढाच भेद.

फाटा म्हणजे काय?

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या, मनुष्याने लिहिलेल्या सूचनांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. पुष्कळ कंपन्या आपल्या आज्ञावलीची मूळ संहिता गुप्त ठेवतात. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ याच्या उलट असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा प्रकल्प जाहीर केला व १९८९ मध्ये त्याचा सर्वसाधारण परवाना, म्हणजे ‘जीपीएल’, प्रसिद्ध झाला. या परवान्यानुसार आज्ञावली वापरण्याचे, तिची संहिता अभ्यासण्याचे, तीत बदल करण्याचे आणि मूळ अथवा बदललेली प्रत इतरांस देण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकास मिळते.

बदललेली प्रत वाटण्याचा अधिकार असला की फाट्याचा अधिकार ओघानेच येतो. मूळ मंडळींशी न पटल्यास कोणीही संहितेची प्रत घेऊन निराळा प्रकल्प सुरू करू शकतो. विकासकांच्या बोलीत यास ‘फोर्क’ म्हणतात.

फाटा म्हणजे केवळ भांडण नव्हे. जीसीसी नावाच्या संकलक-आज्ञावलीचे काम मंदावले, तेव्हा १९९७ मध्ये काही विकासकांनी ‘ईजीसीएस’ हा फाटा काढला. तो इतका सरस ठरला की १९९९ मध्ये मूळ प्रकल्पानेच त्यास अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारले. वेगळी झालेली वाट पुन्हा हमरस्ता बनली.

कोलकात्याच्या बंगालीलाही अशा स्वातंत्र्याचा लाभ झाला. सायबरस्केप मल्टिमीडिया या कंपनीने आपले बंगाली टंक जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि त्यांच्या आधारे स्वयंसेवकांनी ‘मुक्ती’ हा नवा टंक सिद्ध केला. परवानगीसाठी कोणाचे उंबरठे झिजवावे लागले नाहीत. परवान्यातच ती परवानगी होती.

एक भाषा, दोन वह्या

बंगाली ही वीस कोटींहून अधिक लोकांची भाषा. परंतु तिचे भाषक प्रामुख्याने दोन देशांत विभागलेले आहेत. संगणकाच्या पडद्यावर बंगाली आणण्याच्या कामास या शतकाच्या आरंभी वेग आला, तेव्हा ‘अंकुर’ या गटात दोन्हीकडील व परदेशस्थ बंगाली स्वयंसेवक एकत्र आले होते. तरीही पुढे अनेक प्रकल्पांत बंगालीच्या दोन नोंदी झाल्या : एक बांगलादेशासाठी किंवा सर्वसामान्य बंगालीसाठी, दुसरी भारतासाठी.

यास कारणे होती. भारताचे चलनचिन्ह वेगळे, बांगलादेशाचे वेगळे. बांगलादेशात बंगाली नववर्ष १४ एप्रिलला ठरलेले असते. पश्चिम बंगालमध्ये ते बहुधा १५ एप्रिलला येते. कोलकात्यात ‘जल’ हा शब्द अधिक ऐकू येतो, तर ढाक्यात ‘पानी’. कोलकाता विद्यापीठाने १९३६ मध्ये शुद्धलेखनाचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा बंगाल एक होता. फाळणीनंतर दोन्हीकडील अकादमींनी आपापले नियम केले.

भाषांतराचे काम कसे चालते हे पाहिल्यास या विभागणीची किंमत कळते. आज्ञावलीतील प्रत्येक इंग्रजी वाक्यासमोर त्याचे भाषांतर लिहिलेली एक प्रकारची वही असते. मोठ्या आज्ञावलीत अशी हजारो वाक्ये असतात आणि प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर त्यांत भर पडते. वह्या दोन झाल्या की तेच वाक्य दोनदा लिहावे लागते, दोनदा तपासावे लागते. पडद्यावर ‘जल’ किंवा ‘पानी’ क्वचितच येते. ‘उघडा’ यासाठी ‘खुलुन’ आणि जतन करण्यासाठी ‘संरक्षण’ हे शब्द मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखेच समजतात. म्हणजे थोड्या भेदासाठी सगळे काम दुप्पट झाले. आणि हे काम करणारे नोकरी किंवा अभ्यास सांभाळून, रात्रीचे तास खर्चून ते करीत होते.

वेगळे तेवढेच वेगळे

यावर तांत्रिक उपाय आहे. भाषांतरे शोधून देणारी ‘गेटटेक्स्ट’ ही व्यवस्था प्रथम भारतीय बंगालीची वही उघडते. तेथे वाक्य न सापडल्यास ती सामान्य बंगालीच्या वहीत शोधते. म्हणून भारतीय वहीत केवळ भिन्न वाक्ये लिहिली तरी पुरे. बाकी सर्व सामायिक राहू शकते.

मराठी वाचकांस हे तत्त्व आपल्या लिपीतही आढळेल. मराठी व हिंदी यांची देवनागरी एकच. परंतु ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे भिन्न. दोन्ही वळणे एकाच टंकात ठेवता येतात आणि मजकूर कोणत्या भाषेचा आहे हे पाहून संगणक योग्य ते वळण निवडतो. दोन टंक बाळगण्याची गरज राहत नाही.

‘खंड-त’ या बंगाली अक्षराची कथाही बोधप्रद आहे. युनिकोड या जागतिक संकेतात त्यास प्रारंभी स्वतंत्र स्थान नव्हते. ते ‘त’, हसन्त व एक अदृश्य चिन्ह यांच्या जोडणीने लिहावे लागे. २००५ मध्ये, युनिकोडच्या ४.१ या आवृत्तीत, त्यास स्वतःचा संकेतांक मिळाला. ही अडचण कोलकाता व ढाका या दोहोंची होती. एकच उत्तर दोघांसही पुरले.

संगम

२०१९ च्या जुलै महिन्यात फायरफॉक्स या मुक्त न्याहाळकाची ६८ वी आवृत्ती निघाली. तीत बंगालीच्या दोन नोंदी एकत्र करून एकच ‘बंगाली’ ठेवण्यात आली. त्याच आवृत्तीत आणखी एक घटना घडली : देखभाल होत नसल्यामुळे आसामी, उडिया, मल्याळम व मैथिली ही रूपे काढून टाकण्यात आली. त्या भाषांच्या वाचकांपुढे पुन्हा इंग्रजी आली.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. वही लिहिणारे हात थकले की भाषा पडद्यावरून नाहीशी होते. तिच्या भाषकांची संख्या कोट्यवधी असली तरी त्याने फरक पडत नाही. एकत्रीकरणही फुकट मिळत नाही. कोणता शब्द ठेवावयाचा, कोणते शुद्धलेखन प्रमाण मानावयाचे, हे दोन्ही तीरांवरील लोकांनी बसून ठरवावे लागते, आणि प्रत्येकास आपला एखादा आवडता शब्द सोडावा लागतो. लिब्रेऑफिससारख्या प्रकल्पांत मात्र २०१९ नंतरही दोन नोंदी चालू राहिल्या.

वेगळे होण्याचा हक्क हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्राण आहे. तो नसता तर जीसीसी सुधारली नसती आणि ‘मुक्ती’ टंकही घडला नसता. परंतु फाटा काढण्यापूर्वी दोन गोष्टी मोजावयास हव्यात : भेद किती आहे, आणि हात किती आहेत. जेथे भेद थोडा व हात मोजके, तेथे भेदापुरती वेगळी वही ठेवून उरलेले काम एकत्र करणे हेच शहाणपणाचे होय. पात्र दोन झाली, तरी त्यांना पुरणारे पाणी एकाच गंगेचे असते.