हौशी विक्रेत्याला कवच कोणते?

रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने वापरून झालेली पुस्तके ऑनलाइन विकली, तर तो दुकानदार ठरतो का? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 म्हणतात, नाही. नियमित व्यवसाय न करता वैयक्तिक नात्याने विकणारी व्यक्ती त्यांतून वगळलेली आहे. पण विक्रीमंचांची परताव्याची धोरणे हा भेद बहुधा पाळत नाहीत. तक्रार येताच पैसे अडकतात. मोठा व्यापारी तो तोटा हजार विक्रींवर पसरवतो, एकच ग्रंथ विकणाऱ्याला तो सगळा सोसावा लागतो.

वस्तू हाताळून न पाहता पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला संरक्षण हवेच, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून परतावा जरूर द्यावा, पण पाठवतानाची छायाचित्रे तपासून आणि वस्तू परत मिळाल्यावरच. फाटके पान आधीच दाखवले असेल, तर त्याच कारणावरून पैसे परत घेणे अन्यायाचे आहे.