जळलेल्या इंधनाचं पुन्हा इंधन होईल का?



ऊन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून इंधन तयार होतं, अशा बातम्या हल्ली मोबाईलवर फिरतात. काही बचत गटांमधून विचारणा झाली, की असं यंत्र खरंच मिळतं का आणि त्यात गटाने पैसे घालावेत का. हे समजून घ्यायचं तर आधी आपल्या स्वयंपाकघरात जाऊ.

घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो जळून संपेपर्यंत सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. चौदाचे बेचाळीस कसे झाले? जळताना गॅसमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो, त्याचं हे वजन. गॅसमधली ऊर्जा भाकरी भाजण्यात गेली. मागे राहिलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे न दिसणारी राखच म्हणा ना! राख पुन्हा पेटत नाही. तिचं पुन्हा इंधन करायचं, तर जेवढी ऊर्जा निघाली तेवढी तरी परत घालावी लागते. झाडं हेच करतात. ती कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेतात, उन्हातून ऊर्जा घेतात आणि त्यापासून साखर, लाकूड बनवतात.

झाडाचं हे काम एखाद्या भुकटीकडून करून घेता येईल का, याचा शोध जपानमध्ये सुरू झाला. टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढऱ्या रंगात वापरला जाणारा पदार्थ आहे. तो पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश पाडला तर पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करता येतात, हे फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं. १९७९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह अशा भुकट्या पाण्यात मिसळल्या, त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला आणि प्रकाश दिला. त्या पाण्यात थोडं मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, मिळालं.

अशा भुकटीला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवणारा मध्यस्थ. तो दोन्हीकडच्यांना एकत्र आणतो, पण स्वतः त्यांच्या संसारात राहत नाही. आणि लग्नाचा खर्चही तो करत नाही! इथे खर्च उचलतो तो प्रकाश.

आत काय घडतं? फोडणीतली मोहरी आठवा. तेल पुरेसं तापलं की मोहरी उडते, कोमट तेलात नाही. तसा भुकटीवर पुरेशा ताकदीचा प्रकाश पडला की तिच्यातले इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण उसळतात. ते कार्बन डायऑक्साइडला मिळतात, पाण्यातला हायड्रोजन त्याला जोडला जातो आणि अल्कोहोल बनतं.

अडचणीही इथेच आहेत. टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरणच लागतात आणि उन्हातल्या ऊर्जेत त्यांचा वाटा शेकडा पाचच्या आसपासच असतो. बाकीचं ऊन त्याच्यासाठी कोमट तेलच. शिवाय उसळलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काम न करताच परत जागेवर पडतात. मिथेनॉलचा एक रेणू बनायला सहा इलेक्ट्रॉन लागतात, इथेनॉलच्या एका रेणूला बारा. एवढे एकाच जागी जमणं कठीण, म्हणून मध्येच दुसरे पदार्थ तयार होतात. तांब्यासारखे धातू मिसळून शास्त्रज्ञ यात सुधारणा करत आहेत. तरीही बहुतेक प्रयोगांत तासाभरात मिळालेलं अल्कोहोल मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. त्यात घरचा दिवाही पेटणार नाही.

मग कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल कुठेच बनत नाही का? बनतं. आइसलंडमध्ये त्याचा कारखाना उभा राहिला. पण तिथे जमिनीतल्या उष्णतेवर तयार झालेली वीज वापरून पाण्यातून हायड्रोजन काढला, आणि मग उष्णता व दाब देऊन त्याचा कार्बन डायऑक्साइडशी संयोग घडवला. म्हणजे ऊर्जा तिथेही बाहेरून घालावीच लागली.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाची आहे. इथेनॉल आणि मिथेनॉल दिसायला सारखीच. आपल्याकडे उसापासून बनतं आणि पेट्रोलमध्ये मिसळतात ते इथेनॉल. मिथेनॉल मात्र जहाल विष आहे. थोडं पोटात गेलं तरी दृष्टी जाते, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली, त्या दारूत मिथेनॉल होतं. त्यामुळे हे घरात किंवा गटाच्या खोलीत करून बघायचं काम नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी असं यंत्र विकायला आलं, तर गटाच्या बैठकीत त्याला तीन प्रश्न विचारा. पहिला, ऊर्जा कुठून येते? दुसरा, दिवसाला किती लिटर इंधन निघतं आणि ते कोणत्या प्रयोगशाळेने तपासलं? तिसरा, निघतं ते इथेनॉल की मिथेनॉल, आणि परवाना कुठे आहे? उत्तरं इतिवृत्ताच्या वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. "काही न घालता इंधन निघतं," असं तो म्हणाला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

संशोधन खरं आहे आणि मोलाचंही आहे. आपल्या विज्ञान शिकणाऱ्या मुलींनी त्यात जरूर जावं. पण गटाच्या बचतीची जागा तूर्त तिथे नाही.