मुळशीच्या डोंगरावर जगाची शाळा

कुठे? पुणे जिल्ह्यात, पौडजवळच्या डोंगरावर १९९७ पासून यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज ही निवासी संस्था आहे. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारातून १९६२ मध्ये वेल्समध्ये सुरू झालेल्या अटलांटिक कॉलेजपासून यूडब्ल्यूसी म्हणजे युनायटेड वर्ल्ड कॉलेज या शाळांची ही चळवळ वाढली.

कोण येतं? साधारण १६ ते १९ वयोगटातली मुलं. बहुतेकांची निवड त्यांच्या देशातली राष्ट्रीय समिती करते. अशा समित्या दीडशेहून अधिक देशांत आहेत. गरजेनुसार शिष्यवृत्ती मिळत असल्याने निर्वासित छावणीतली मुलंही या शाळांपर्यंत पोहोचतात.

काय शिकतात? दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा : सहा विषय, चार हजार शब्दांपर्यंतचा संशोधन निबंध, ज्ञानमीमांसा आणि सेवाकार्य.

का यायचं? परदेशी विद्यापीठाची वाट सोपी होते, हे खरं. पण निवडीत गुणांबरोबरच मुलाचं कुतूहल, जबाबदारीची जाण आणि मूल्यंही पाहिली जातात. वेगळ्या धर्माच्या, भाषेच्या, देशाच्या मुलांसोबत एका खोलीत राहणं हाच इथला मोठा धडा. म्हणून अर्ज भरताना पालकांच्या अपेक्षा बाजूला ठेवून मुलाने स्वतःचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहावं.