कंपवात : आरंभीची लक्षणे आणि कुटुंबाची साथ

बँकेत सही जुळेनाशी होते, अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलत नाही, आवाज क्षीण होतो. घरची मंडळी ‘आता वय झाले’ म्हणून दुर्लक्ष करतात. कंपवाताचा आरंभ पुष्कळदा असाच होतो. प्रत्येक रुग्णाचा हात थरथरतोच असे नाही. १८१७ साली डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी वर्णिलेल्या या विकारात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. तो समूळ बरा होत नसला तरी लक्षणे आटोक्यात ठेवता येतात.

लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी, डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यावी. प्रथिनयुक्त आहाराने तिचा परिणाम घटू शकतो. ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते. नियमित चालणे, मोठ्याने वाचणे हाही उपचारच होय. घाटकोपर-अंधेरीच्या गर्दीत रुग्णास घाई करू नये. पाऊल अडखळल्यास थांबून, मनात अंक मोजत पुढे टाकावयास सांगावे.

मुंबईत २००१ साली स्थापन झालेल्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीने स्वमदत गटांचे महत्त्व दाखवून दिले आहे. औषधाइतकीच सोबतीची गरज असते, हे आम्ही कुटुंबीयांस व देणगीदारांस नम्रपणे सांगू इच्छितो.